हयगय

दोन ठिपके होते. लाल, एक वर आणि एक खाली, समोरच्या भिंतीवर टांगलेल्या काळ्या डबीत पेटलेले, अंधाऱ्या खोलीत जरा जास्तच लाल... दोन. ती ते निवांतपणे मोजत होती, कारण दोनाच्या पुढे मोजायला काही नव्हतंच. नाकावर प्लॅस्टिकचा हलका चष्मा होता, उजव्या डोळ्यापुढे लाल काच आणि डाव्यापुढे हिरवी, खेळण्यांच्या दुकानात मिळतो तसला. बावन्नाव्या वर्षी हे सोंग घेऊन बसताना तिला आधी हसूच आलं होतं.

"किती दिसतात?" अंधारातून डोळ्यांच्या डॉक्टरचा आवाज आला. डॉक्टर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान असेल, पण विचारण्याची रीत शाळेतल्या बाईंची.

"दोन."

"नक्की?"

"दोनपर्यंत येतं मला मोजता."

डॉक्टर हसली आणि तिनं एक पुठ्ठा तिच्या उजव्या डोळ्यापुढे धरला. आणि — लाल गेले. त्यांच्या जागी हिरवे होते, जरा पुसट, कडा फिसकटलेले, पण तीन. पुठ्ठा काढला, दोन लाल. ठेवला, तीन हिरवे. "पुन्हा करा," ती म्हणाली. मग पुन्हा. मग पाच-सहा वेळा, एवढ्या वेळा की डॉक्टरचा हात दुखायला लागला असावा, आणि दर वेळी ते तीन हिरवे आपले जिथल्या तिथे, न धावता, न धापा टाकता हजर.

"हे हिरवे येतात कुठून?"

"येत नाहीत ताई. तिथेच आहेत. एकूण चार दिवे आहेत, एक लाल, दोन हिरवे, एक पांढरा. तुमचा डावा डोळा त्याच्या वाटणीचे तीन बघतोच आहे. आत्ता पुठ्ठा नाही ना, आत्तासुद्धा बघतोय. मेंदू म्हणतो, नको."

नको... तिनं चष्मा काढला, हातात धरून बसली. जन्मभर तिला सांगण्यात आलं होतं की डावा डोळा अधू आहे. घरात, शाळेत, लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्या आत्याबाईंनी अगदी गोड आवाजात, "एकच डोळा ना हो मुलीचा?" — आणि तीही तसंच म्हणत आली होती, फॉर्म भरताना, चष्मा बनवताना, डावीकडच्या दाराच्या चौकटीला खांदा आपटल्यावर. अधू म्हणजे बंद. अधू म्हणजे तिथे कोणी राहत नाही. आणि आता ही पोर सांगते आहे की तिथे कोणीतरी राहतंय, बावन्न वर्षं खिडकीशी उभं राहून बाहेर बघतंय, जे दिसतं ते इमानानं आत कळवतंय, आणि आत कोणीतरी दुसरं तो निरोप रोज, दर क्षणी, न वाचता परत करतंय. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भीतीचा नव्हता. खूप मोठ्या घरात राहून एकच खोली वापरत होतो असं कळल्यावर येईल तसा.

आणि ती आली होती कशाला, तर एक वाक्य तपासायला! ती ज्ञानकोशाच्या कचेरीत संपादक होती. सव्वीस वर्षं कोशात मुरलेली. तिथले लोक तिला पाठीमागे 'कात्री' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. सध्या तिच्या टेबलावर 'दमन' ही नोंद होती. एकच संकल्पना निरनिराळ्या शास्त्रांत वापरली जाते तेव्हा कोशाची पद्धत अशी, की त्या त्या जाणकाराकडून एकेक टिपण मागवायचं आणि संपादकानं ती टिपणं जोडून एक नोंद करायची, स्वतःचं एक वाक्यही न घालता. स्वतःचा अनुभव तर मुळीच नाही. तर नेत्रवैद्यकाच्या टिपणात या डॉक्टरनं लिहिलं होतं, 'तिरळ्या डोळ्याची प्रतिमा मेंदू दाबून टाकतो, एरवी माणसाला सगळं दोन-दोन दिसेल.' तिनं 'दाबून टाकतो' ह्याला निळी खूण केली होती. एकदाच टाकतो, की टाकत राहतो? हे विचारायला ती कचेरीत जाण्याआधी दवाखान्यात शिरली, डॉक्टरनं तिच्या किंचित तिरळ्या डाव्या डोळ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, तुम्हीच बसा ना खुर्चीवर, दाखवते.

"टाकत राहतो," डॉक्टर आता दिवा लावत म्हणाली. "अखंड काम आहे ते. झोप सोडली तर सुट्टी नाही."

मग तिनं कागद पुढे ओढला. उजव्या डोळ्याला काही झालं उद्या, तर तुमच्याकडे हा एकच उरणार. आता मोठ्या माणसांसाठीही व्यायाम निघालेत. जमलं तर फायदा आहे, नाही जमलं तर मात्र... "आतलं दमन मोडायचं आणि दोन्ही चित्रं जुळली नाहीत, तर सगळं दोन दिसत राहील. मग ते पुन्हा मिटवता येईलच, असं सांगता येत नाही. म्हणून आधी एक सांगा. लहानपणी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली होती?"

"हो. सातव्या वर्षी."

"रोज?"

"रोज. वर्षभर. आई लावायची."

आणि हे वाक्य तिच्या तोंडून इतकं गुळगुळीत निघालं, की ते खोटं आहे हे तिला डॉक्टरनं लिहून घेतल्यावर लक्षात आलं.

"कमाल आहे. रोज लागली असती तर डोळा एवढा मागे राहायला नको होता. हे बघा, पट्टी नीट लावूनही असाच राहिला असेल, तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही. पण पट्टी लागलीच नसेल, तर अजून धुगधुगी आहे त्याच्यात. तेव्हाचा काही कागद असेल का घरी? आईंना विचारा ना एकदा."

विचारते, ती म्हणाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कचेरीत पोचल्यावर ती आधी हात धुण्याच्या खोलीत गेली. निघता निघता डॉक्टरनं आणखी एक गंमत सांगितली होती, ही सगळ्यांचीच असते म्हणून: आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडे बघा, मग दुसऱ्याकडे, डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, कारण डोळा हलतो तेवढा वेळ मेंदू दृष्टी दाबून धरतो. तिनं बघितलं. डावा. उजवा. डावा... डोळे नुसतेच इथून तिथे असायचे. मधला प्रवास नाही. शिपाईबाई बादली घेऊन आत आल्या, तिला आरशाला नाक लावून उभं राहिलेलं बघितलं, म्हणाल्या, "काही गेलं का डोळ्यात?" ती म्हणाली, "नाही हो, काही जात कसं नाही ते बघतेय." शिपाईबाईंनी बादली खाली ठेवली आणि निघून गेल्या. मोठ्या कचेऱ्यांत शहाण्यासारखी वागणारी माणसं हीच.

टेबलावर बाकीची टिपणं होती. ती तिला तोंडपाठ होती, तरी आज तिनं ती पहिल्यांदाच वाचावीत तशी वाचली. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यानं बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: 'बंद खोलीतली हवा संपली की ज्वाळा जाते. आग जात नाही. ती दाराकडे बघत थांबते. दार उघडणाऱ्यानं हे विसरू नये.' ('बघत' शब्द तिनं पूर्वीच कापला होता.) वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी कळवलं होतं की शेंड्याचा कोंब खालच्या कोंबांना वर्षानुवर्षं वाढू देत नाही, खालचे मेलेले नसतात, शेंडा छाटला की आठवड्यात फुटतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं तर ते परकं आहे हे शरीर कधीच विसरत नाही. वीस वर्षांनीसुद्धा रोजची गोळी घेऊन त्याची समजूत घालावी लागते. मानसोपचारवाल्या बाईंनी दोनच ओळी पाठवल्या होत्या: 'दडपलेलं दडपलेलं राहावं म्हणून सतत शक्ती खर्च होते. माणूस थकतो, आणि का थकलो हे त्याला कळत नाही.' इतिहासकारांनी टिपण पाठवलंच नव्हतं. 'यशस्वी दमनाचा पुरावा उरत नाही, सबब क्षमस्व' एवढंच पोस्टकार्ड.

ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. आगीच्या बंबावरच्या माणसानं कोंबाचा विचार जन्मात केला नसेल. आणि तरी सगळे जण, आपापल्या कोपऱ्यातून, आपापल्या हत्यारांनी खणत एकाच तळघरात उतरले होते आणि वर येऊन एकच गोष्ट सांगत होते: मेलेलं नाही. धरून ठेवलेलं आहे. ती त्या पाच कागदांकडे बघत राहिली, नदीचं पात्र पहिल्यांदा बघणाऱ्या माणसासारखी. एवढं जग, एवढी झाडं, एवढी शरीरं, एवढ्या बंद खोल्या... आणि सगळीकडे कोणीतरी कोणाला तरी दाबून धरून उभं आहे, हू की चू न करता, आणि म्हणून हे सगळं असं शांत दिसतंय. शांतता म्हणजे किती काम!

तिनं लिहिलं, 'आश्चर्य म्हणजे, या सर्व क्षेत्रांत दबलेली गोष्ट नष्ट होत नाही.'

मुख्य संपादक तेवढ्यात मागून आले. ते नेहमी मागूनच येत. "एकशेऐंशी शब्दांत बसवा," ते म्हणाले, आणि वाकून, "'आश्चर्य म्हणजे' काढा. कोशाला आश्चर्य वाटत नाही."

"वाटायला हवं होतं, सर."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. सव्वीस वर्षांत हे पहिलं उलट उत्तर. "बरं नाही का वाटत?" त्यांनी विचारलं, खरोखरच काळजीनं. तिनं 'आश्चर्य म्हणजे' खोडलं. निळ्या रेघेखाली अक्षरं दिसतच राहिली.

रोज... वर्षभर... आई लावायची. लावायची, हे खरं होतं. सकाळी वेणी घालून झाली की आई तिची हनुवटी वर करी, चांगल्या उजव्या डोळ्यावर ती चिकट कापडी पट्टी बसवी आणि अंगठ्यानं कडेकडेनं दाबत जाई, कोपऱ्यात जरा जास्त. मग जग पाण्याखाली जाई. फळ्यावरचं दिसत नसे, पायरी कुठे संपते कळत नसे, आणि मुलं 'एकडोळी' म्हणत ते मात्र स्वच्छ ऐकू येई. ती रडे, पट्टी आतून भिजे, तरी आईचा अंगठा बधत नसे. डोळ्यांत तेल घालून राखण करणं म्हणतात ते आईचंच. बाबा तिला शाळेत पोचवत. ते पुस्तकबांधणी करत. शाळेच्याच वाटेवर त्यांचं एका खोलीचं दुकान. पहिल्या वळणाशी, घर दिसेनासं झालं की, बाबा थांबत. उकिडवे बसत. बोटाला तेलाचा थेंब असे, घरून पुडीत बांधून आणलेला, म्हणजे ओढताना दुखू नये. आणि ते पट्टी काढत, इतकी हळू, इतकी हळू, की आयुष्यात पुढे कोणी तिच्याशी तेवढं हळू वागलं नाही. जग लख्ख होई. बाबांचा चेहरा समोर, हसणारा. "हे आपलं दोघांचं हं," ते म्हणत. संध्याकाळी शाळेतून आधी दुकानात, आणि घरी पोचायच्या आत पट्टी पुन्हा जागच्या जागी.

वर्षभर. मग डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. डोळा जिथे होता तिथेच.

आणि त्या दिवसापासून आई म्हणत आली होती, "माझ्यानं नीट झालं नाही पोरीचं." पाहुण्यांसमोर, शेजारणींसमोर, जावयासमोर. बाबांना जाऊन तीस वर्षं झाली. लोक अजून त्यांना देवमाणूस म्हणतात, आणि आई मान डोलावते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासीच दोर वळत बसलेला! हे तिला कळत होतं. विसाव्या वर्षी कळलं, तिसाव्या वर्षी कळलं, दर वेळी ती म्हणाली, आता सांगू, पुढच्या वेळी सांगू... पण सांगायचं म्हणजे त्या वळणाशी उकिडवं बसलेल्या माणसाला उठवून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. तेवढं तिच्यानं होत नव्हतं. पण आई आता एकोणऐंशीची होती. ह्या गैरसमजातच ती गेली तर? ह्या 'तर'पाशी ती आज थांबली, आणि पर्स उचलून एक तास आधीच निघाली.

आईचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. दार उघडंच होतं. आई खिडकीपाशी बसून एका जुन्या सदऱ्याला बटण लावत होती, सुई नाकाजवळ धरून.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय? कामाच्या दिवशी कशी तू?"

"सहज."

"सहज येणाऱ्यातली तू नव्हेस, बबी. ओव आधी ही सुई. मग सांग."

तिनं सुई ओवली, उजव्या डोळ्यानं. डावा बघतच असणार, नाकारला जात. मग तिनं डॉक्टरचं सांगितलं, दिव्यांचं, डोळा जिवंत असल्याचं. आई ऐकत होती. 'जिवंत' म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"म्हणजे बघतो तो?"

"बघतो. पहिल्यापासून बघतोय."

"अगं बाई..." आई म्हणाली. मग उठली, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जन्मदाखल्याची पिशवी काढली आणि न चाचपडता, जणू कालच ठेवला असावा असा, एक चौपदरी कागद काढून तिच्या हातात दिला.

कागद घड्यांवर विरला होता. वर रुग्णालयाचं नाव, खाली तिचं, वय वर्षं आठ. आकडे. आणि सगळ्यात खाली, डॉक्टरांच्या तिरप्या अक्षरात: 'पट्टीबाबत आईकडून हयगय.' खाली रेघ मारलेली.

तिचे कान तापले. हे एवढं लिहिलेलं पान ह्या बाईनं चव्वेचाळीस वर्षं जन्मदाखल्याशेजारी जपून ठेवलं होतं. तिला वाटलं, आता. आत्ता नाही बोलले तर मी माणूस नाही.

"आई, हे खोटं आहे. तुझी हयगय नव्हती. तू लावायचीस ती पट्टी बाबा —"

"वळणाशी काढायचे," आई म्हणाली. "माहीत आहे मला."

रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टुक टुक आवाज येत होता.

"केव्हापासून?"

"आठवडाभरात कळलं. संध्याकाळी मी पट्टी सोडवायची ना, ती दुकानातल्या खळीनं चिकटवलेली असायची. पुस्तकं बांधायची ती खळ. मी रोज कोमट पाण्यानं पुसून काढायची तुझ्या गालावरची. तुला नाही आठवत?"

आठवत नव्हतं. आणि मग — आठवलं: गालावर ओढल्यासारखं वाळत जाणारं काहीतरी, आंबूस वास, बाबांचं रुंद बोट, आणि मग कोमट फडकं. इतकी वर्षं हे कुठे होतं? हे तिच्यातच होतं. जागेवर होतं. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली, कारण जमिनीखाली किती मजले आहेत हे आता तिला सांगता आलं नसतं.

"मग तू बोलली का नाहीस? बाबांना... त्या डॉक्टरांना तरी?"

"डॉक्टरांनी विचारलं, पट्टी कोण लावतं. मी म्हटलं, मी. म्हणाले, मग कमी पडताय तुम्ही. हे माझ्या शेजारी उभे. भिंतीकडे बघत होते. तू स्टुलावर. मला वाटलं, बोलतील. मी थांबले जरा. नाही बोलले." आईनं दोरा दातानं तोडला. "मग मी म्हटलं, हो, होते हयगय."

ती खोली... औषधाच्या वासाची, उंच स्टुलाची. बाबांचा हात तिच्या खांद्यावर होता. हो, होता, आणि त्या क्षणी त्या हातानं खांदा हलकेच दाबला होता. जन्मभर तिनं तो दाब प्रेमाचा म्हणून जपला होता. प्रेमाचाच होता. पण तो 'बोलू नकोस' असाही होता, आणि सात-आठ वर्षांच्या त्या पोरीला ते कळलं होतं, आणि तीही बोलली नव्हती. तीन माणसं एका छोट्या खोलीत, तिघांनाही सगळं ठाऊक, आणि तिघंही गप्प. तिला बाबांचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ, कडकडीत, आणि तो आला तरी त्यांच्या बोटाचा हळुवारपणा जागचा हलला नाही, हे बघून तिला रडूच फुटायला आलं.

"तू चिडली नाहीस त्यांच्यावर?"

"चिडले नाही कशी! दोन महिने स्वयंपाकघरातली भांडी विचार." आई हसली. मग हसू ओसरलं. "पण एक सांगू? पट्टी लावली की तू दिवसभर रडणार, हे मला दिसायचं. आणि संध्याकाळी खळीची पट्टी घेऊन घरी यायचीस ती उड्या मारत यायचीस. बाप-लेक काहीतरी हसत जिना चढायचात. मला वाटायचं, आज नको बोलायला. उद्या बोलू. असं करत वर्ष गेलं." तिनं कागद उचलला, घड्यांवर घडी घातली. "म्हणून ठेवलाय हा. कागद खोटा नाही, बबी. सगळं कळत होतं आणि मी गप्प बसले. मग हयगय कोणाची?"

ती ओंजळभर माफी घेऊन आली होती, जिना चढताना शब्दही जुळवले होते, आणि इथे ती घेणारंच कोणी नव्हतं. ही लहानखुरी बाई, सुई नाकाशी धरणारी, पाहुण्यांसमोर 'माझ्यानं नीट झालं नाही' म्हणणारी, ती फसलेली नव्हतीच कधी. ती खरं तेच बोलत होती, दर वेळी, सगळ्यांच्या देखत, आणि त्या खऱ्याच्या आड नवऱ्याला उभं करत होती, मुलीला उभं करत होती. चव्वेचाळीस वर्षं, रोज, सुट्टी न घेता. तिला आईकडे बघवेना, आणि दुसरीकडे कुठे बघावंसंही वाटेना. डोंगराच्या पायथ्याशी अंगण टाकून राहिलेल्या माणसानं एके दिवशी मान वर करावी तसं तिला झालं होतं.

"मग? करणार का डोळ्याचं?" आईनं विचारलं.

"माहीत नाही. जुळलं नाही तर सगळं दोन-दोन दिसेल म्हणते ती."

"दिसू दे की. मी दिसेन दोनदा." आई सदऱ्याकडे वळली. "चहा टाकू?"

"बस ना जरा."

आई बसली. ऊन खिडकीच्या गजांवरून खाली घसरत होतं. एक प्रश्न तिच्यात वर येत होता. बाबांना कळलं होतं का? तुला कळलंय हे त्यांना कळलं होतं का, त्या खोलीत, भिंतीकडे बघताना? आणि कळलं असेल, तर पुढची सगळी वर्षं जेवताना, झोपताना, माझ्या लग्नात, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात... प्रश्न अगदी ओठांशी आला. आई मान वर करून तिच्याकडेच बघत होती; कदाचित वाट बघत होती, कदाचित तिलाही तोच प्रश्न ऐकू येत होता आणि ती दुसऱ्या बाजूनं त्याला धरून होती. आणि तिनं तो मागे ढकलला. पण ह्या वेळी तिला ते कळलं. ढकलताना छातीत काहीतरी ताणलं गेलं, खांदे आवळले, श्वास किंचित अडला, आणि तिनं थक्क होऊन ते सगळं नीट पाहिलं: हे मी करते आहे. हे आपोआप होत नव्हतं, कधीच होत नव्हतं. हे मी करत होते, एवढ्या ताकदीनं, एवढी वर्षं, आणि ही ताकद माझी होती. प्रश्न तिथेच होता, जिवंत, दाराशी. ती त्याला धरून बसली होती आणि तिला आता धरलेल्या हाताचं वजन लागत होतं; सोडायचा की नाही, हे अजून तिला ठरवता येत नव्हतं.